एडिसनचा फोनोग्राफ : अस्सल आणि नक्कल

थॉमस आल्व्हा एडिसन हे नाव ठाऊक नसलेला विद्यार्थी आमच्या शाळांतून सापडणे कठीण. विजेच्या दिव्याच्या निमित्ताने त्याच्यावरील एखादा पाठ आपण सर्वांनी कधी ना कधी वाचलेला असतो. या लेखात मात्र आम्ही दिवा बाजूला ठेवून फोनोग्राफच्या अंगाने त्याचे चरित्र सांगणार आहोत. त्यास दोन कारणे आहेत. आपल्या शेकडो शोधांपैकी एडिसनला हेच यंत्र सर्वांत प्रिय होते, हे एक. दुसरे असे की, ज्या यंत्रांना आता शंभर-सव्वाशे वर्षे होऊन गेली, ती संग्राहकांच्या हाती येतात तेव्हा त्यांतला कोणता भाग मूळ कारखान्यातून निघालेला आणि कोणता मागाहून नवा घडवून बसवलेला, हे पारखणे ही एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली आहे. आणि नवल असे की, खुद्द एडिसनच्या चरित्रालाही मागाहून बसवलेले भाग थोडेथोडके नाहीत. तेव्हा यंत्र पारखण्याची जी नजर, तीच चरित्र वाचतानाही जवळ बाळगावी लागते.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान या गावी झाला. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. १८५४ साली हे कुटुंब मिशिगन राज्यातील पोर्ट ह्यूरन येथे राहावयास गेले. शाळेत तो फार थोडे महिने गेला. पूर्वी शिक्षिका असलेल्या त्याच्या आईनेच त्याला घरी शिकवले. १८५९ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, तो पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट या आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागला. सामानाच्या डब्यात त्याने लहानशी प्रयोगशाळा मांडली आणि १८६२ मध्ये त्याच डब्यात एक छोटे वृत्तपत्रही छापून काढले. येथपर्यंतचा भाग अस्सल आहे.

त्याच्या बहिरेपणाची कथा मात्र अशी सरळ नाही. डब्यात रसायनांनी पेट घेतला, गार्डाने संतापून मुलाच्या कानशिलात लगावल्या आणि त्यामुळे तो बहिरा झाला, असे पुष्कळ पुस्तकांतून आढळते. स्वतः एडिसन उतारवयात निराळेच सांगत असे. चालू गाडीत चढता येईना म्हणून कोणी त्याला कान धरून वर ओढले व तेव्हा कानात काहीतरी तुटल्यासारखे झाले, असे त्याचे म्हणणे. लहानपणीच्या तापामुळे आणि कानाच्या दुखण्यामुळे ऐकू येणे हळूहळू कमी झाले असावे, असे अलीकडचे चरित्रकार मानतात. तीन कथांतली थप्पडच लोकांच्या लक्षात राहिली, कारण तिच्यात नाट्य आहे. जुन्या यंत्रावरचा सर्वांत चकचकीत भाग पुष्कळदा सर्वांत नवा असतो, तसेच हे झाले. आवाज साठवून ठेवण्याचे यंत्र ज्याने प्रथम केले त्याला आयुष्यभर नीट ऐकू येत नव्हते, ही गोष्ट मात्र पूर्ण खरी आहे, आणि ती आम्हांला कोणत्याही थपडेपेक्षा अधिक विलक्षण वाटते.

१८६२ मध्येच त्याने एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला रुळांवरून ओढून वाचवले. त्या कृतज्ञ पित्याने त्याला तारायंत्राचे काम शिकवले. पुढची काही वर्षे तो गावोगावच्या तारऑफिसांत नोकऱ्या करीत हिंडला. १८६९ साली त्याला पहिले पेटंट मिळाले ते मते नोंदवणाऱ्या विजेच्या यंत्राचे; ते कोणी विकत घेतले नाही. शेअरबाजाराचे भाव छापणाऱ्या यंत्रातील सुधारणांनी त्याला पैसा मिळवून दिला, नेवार्क येथे त्याचा कारखाना उभा राहिला, १८७१ मध्ये मेरी स्टिलवेल हिच्याशी विवाह झाला. दोन थोरल्या मुलांना तो लाडाने तारेच्या भाषेतील डॉट आणि डॅश या नावांनी हाक मारी. १८७६ मध्ये न्यू जर्सीतील मेन्लो पार्क या खेड्यात त्याने शोधांसाठीच म्हणून वेगळी प्रयोगशाळा बांधली.

फोनोग्राफ जन्मला तो येथे. तारेचे संदेश कागदावर टोचून पुन्हा पाठवता यावेत, यासाठी १८७७ च्या उन्हाळ्यात खटपट चालली होती. त्याच सुमारास टेलिफोनच्या पडद्यावरही काम सुरू होते. पडदा आवाजाने थरथरतो, त्याला टोक जोडले तर ते टोक मऊ पृष्ठावर ठसे उमटवील, आणि त्याच ठशांवरून टोक पुन्हा फिरवले तर पडदा पुन्हा तसाच थरथरेल, ही कल्पना त्या वर्षीच्या जुलै महिन्यातील टिपणांत दिसते. प्रत्यक्ष यंत्र घडवले ते जॉन क्रूझी या स्वित्झर्लंडहून आलेल्या कसबी कारागिराने. पितळेचे खाचा पाडलेले नळकांडे, त्यावर गुंडाळलेला कथलाचा वर्ख, हाताने फिरवावयाचे हँडल आणि दोन्ही बाजूंना सुई लावलेले पडदे, एवढेच ते यंत्र. एडिसनने त्यात मेरी आणि तिच्या कोकराचे बालगीत म्हटले, नळकांडे मागे घेऊन पुन्हा फिरवले, आणि यंत्राने ते परत म्हणून दाखवले.

हे केव्हा घडले? पुष्कळ जुन्या पुस्तकांत १२ ऑगस्ट १८७७ ही तारीख दिलेली आढळेल, कारण यंत्राचे एक रेखाचित्र उपलब्ध आहे व त्यावर क्रूझीला ते करण्याचा आदेश आणि ती तारीख एडिसनच्याच हातची आहे. शाई खरी, अक्षर खरे. परंतु ती ओळ त्या चित्रावर कित्येक वर्षांनी लिहिलेली आहे. एडिसनचा जवळचा सहकारी चार्ल्स बॅचलर याच्या रोजनिशीवरून क्रूझीचे काम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाल्याचे दिसते. ७ डिसेंबरला एडिसनने ते यंत्र न्यूयॉर्कच्या सायंटिफिक अमेरिकन या पत्राच्या कचेरीत नेऊन टेबलावर ठेवले. यंत्राने जमलेल्या मंडळींची प्रकृती विचारली व त्यांचा निरोप घेतला. २४ डिसेंबरला पेटंटचा अर्ज गेला आणि १९ फेब्रुवारी १८७८ रोजी २००५२१ क्रमांकाचे पेटंट मिळाले. असे यंत्र ऑगस्टमध्येच तयार असते, तर एडिसनसारखा मनुष्य चार महिने स्वस्थ बसला असता, हे संभवत नाही. म्हातारपणी स्मृतीने दगा दिला असेल किंवा कोणाच्या आग्रहाखातर ती ओळ लिहिली असेल. कसेही असो, मूळ वस्तूवर नवी पाटी ठोकण्याचाच हा प्रकार झाला, आणि तो खुद्द मालकाच्या हातून.

न्यायाची गोष्ट म्हणून आणखी दोन नावे सांगितली पाहिजेत. फ्रान्समध्ये शार्ल क्रो याने १८७७ च्या एप्रिलमध्येच अशा यंत्राची कल्पना लिहून पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे बंद पाकिटात ठेवली होती. यंत्र मात्र त्याने केले नाही. त्याहीपूर्वी, १८५७ मध्ये, स्कॉट द मार्तिनव्हील याने काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या रेषा उमटवल्या होत्या. त्या रेषा पुन्हा ऐकवण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. २००८ साली संशोधकांनी त्याच्या १८६० मधील एका कागदावरून संगणकाच्या साहाय्याने गाणे काढून ऐकवले. आवाज टिपण्याचा मान त्यामुळे स्कॉटकडे जातो. टिपलेला आवाज परत बोलता करण्याचा मान एडिसनचाच राहतो.

वर्खाचे यंत्र हे पाहण्याऐकण्याचे नवल होते, उपयोगाचे साधन नव्हते. दोनचार वेळा वाजवले की ठसे पुसट होत, आणि नळकांड्यावरून काढलेला वर्ख पुन्हा नीट बसवणे जवळजवळ अशक्य होते. १८७८ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला अध्यक्ष हेज यांनी रात्री उशिरापर्यंत ते ऐकले. गावोगावी तिकिटे लावून त्याचे खेळ झाले. मग नवलाई ओसरली. एडिसन दिव्याच्या मागे लागला. १८७९ चा दिवा, १८८२ चे न्यूयॉर्कमधील वीजकेंद्र, हे सारे पाठ्यपुस्तकांत आहे. १८८४ मध्ये मेरी वारली. १८८६ मध्ये त्याने माइना मिलर हिच्याशी विवाह केला व पुढच्या वर्षी वेस्ट ऑरेंज येथे मोठी प्रयोगशाळा उभारली.

दहा वर्षे बाजूला पडलेल्या फोनोग्राफकडे तो परत वळला, त्याचे कारण स्पर्धा हे होते. टेलिफोनचा जनक बेल याच्या प्रयोगशाळेतील मंडळींनी वर्खाच्या जागी मेण वापरून १८८६ मध्ये पेटंट घेतले. एडिसनला ते जिव्हारी लागले. जून १८८८ मध्ये, अहोरात्र काम करून, त्याने मेणाच्या नळकांड्याचे सुधारलेले यंत्र पुरे केले. त्या पहाटे यंत्राशेजारी विस्कटलेल्या केसांनी बसलेल्या एडिसनचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढची काही वर्षे व्यवहार फसले. १८९० मध्ये बोलक्या बाहुल्या विकण्याचा उद्योग काही आठवड्यांतच बुडाला. १८९६ मध्ये नॅशनल फोनोग्राफ कंपनी स्थापन झाली, तेव्हा कोठे हे यंत्र सामान्य माणसाच्या घरात शिरले. होम, स्टँडर्ड, जेम, ट्रायम्फ अशी त्यांची नावे. सुरुवातीला स्टँडर्डची किंमत वीस डॉलर, तर छोट्या जेमची अवघी साडेसात डॉलर होती.

संग्राहकांच्या हाती आज येतात ती बहुतेक हीच यंत्रे, आणि पारख करावी लागते ती यांचीच. ती कशी करतात हे थोडे विस्ताराने सांगतो. आजोबा-पणजोबांच्या वेळचे कोणतेही यंत्र घरात असेल त्यांना त्याचा उपयोग होईल.

जाणकार माणूस प्रथम स्क्रूंकडे पाहतो. त्या काळचे स्क्रू डोक्यावर एकच सरळ खाच असलेले. अधिक चिन्हासारख्या खाचेचा स्क्रू १९३० नंतर प्रचारात आला. तो १९०५ च्या यंत्रात दिसला, तर तेथे मागाहून कोणाचा तरी हात लागला आहे हे निश्चित. त्यानंतर ओतीव भाग. मूळ लोखंडी वा पितळी भागाचा साचा घेऊन नवा भाग ओतला, की धातू थंड होताना आक्रसतो आणि नवा भाग मुळापेक्षा शेकडा एक-दीड टक्का लहान भरतो. दहा इंचांवर हा फरक इंचाच्या दहाव्या हिश्शाइतका होतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण मोजपट्टीला दिसतो. भोके जुळत नाहीत, झाकण सैल बसते. शिवाय नव्या ओतकामाचा पृष्ठभाग बहुधा वाळूसारखा खरबरीत असतो. कारखान्यातील मूळ भागाच्या कडा यंत्रावर तासून नेमक्या केलेल्या असतात.

मग झीज. आम्हांला ही कसोटी सर्वांत मनोरंजक वाटते. फोनोग्राफमध्ये लांब मळसूत्री दांड्यावर अर्ध्या नटाचे दात बसतात आणि त्यांच्या आधाराने सुई नळकांड्यावरून सरकते. दांडा आणि नट वर्षानुवर्षे एकमेकांवर घासतात. तेव्हा एक झिजलेला आणि दुसरा कोरा, असे असू शकत नाही. लाकडी पेटीचेही तेच. झाकण उचलताना जेथे बोटे लागतात आणि हँडलच्या भोवती जेथे हात फिरतो, तेथे पॉलिश उडालेले हवे. पेटीवरचे सोनेरी एडिसन हे नाव पाण्याने सोडवून लावलेल्या छापाचे असते. तसे छाप आता नवे मिळतात. मूळ छापावर बारीक भेगांचे जाळे असते व त्याच्या कडा लाकडाच्या पॉलिशबरोबरच जुन्या झालेल्या असतात. जुनाट पेटीवर झळझळीत नाव दिसले, तर थांबावे.

परंतु येथे घाईही करू नये. नवा भाग म्हणजे लबाडी, असे समीकरण नाही. कमान तुटली की ती बदलावीच लागते. रिप्रोड्यूसर, म्हणजे सुई आणि पडदा धरणारी डबी, हिच्यातील रबर कडक झाले की आवाज चिरका येतो, म्हणून तेही बदलतात. काही बदल तर कंपनीनेच केलेले आहेत. मूळची नळकांडी दोन मिनिटे वाजत; त्यांच्यावर एका इंचात शंभर चर असत. १९०८ मध्ये इंचात दोनशे चरांची, चार मिनिटे वाजणारी नळकांडी निघाली, तेव्हा जुन्या यंत्रांना जोडण्याची चाके कंपनीने स्वतंत्र विकली. १९०३ च्या यंत्रावर १९०८ चा भाग दिसतो तो असा, आणि तो पूर्ण अस्सल आहे. कर्ण्याचेही तसेच. कंपनीचा कर्णा आखूड होता. फुलासारखे मोठे रंगीत कर्णे इतर कारखान्यांनी केले व दुकानदारांनी तेव्हाच यंत्राबरोबर विकले. ते एडिसनचे नव्हेत, पण त्या काळचे खास आहेत. आमच्या मते दोष नव्या भागात नसतो, तो नवा आहे हे दडवण्यात असतो. आज नवे कर्णे आणि नव्या पाट्या घडवणारे कारागीर कित्येक आहेत, आणि नवे म्हणूनच ते विकणारे त्यांत पुष्कळ आहेत.

दडवून विकण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास आढळतो. मुंबईच्या चोरबाजारात पितळेचा झगझगीत कर्णा, चौकोनी वा अष्टकोनी नवी पेटी आणि तीवर कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याची पाटी, असे ग्रामोफोन दिसतात. पुष्कळदा आतले यंत्र प्रवासी पेटीच्या जुन्या ग्रामोफोनातून काढलेले असते आणि बाकी सारे नवे. शोभेची वस्तू म्हणून ते घ्यावयास हरकत नाही. पण वडिलोपार्जित म्हणून त्याचे दाम कोणी मोजले, तर त्या घराचे नुकसान होते, आणि खरा ग्रामोफोन कसा होता याची आठवणही बिघडते. ज्यांच्या घरी खरा जुना ग्रामोफोन माळ्यावर पडून आहे, त्यांनी त्याला नवा मुलामा देण्याची घाई करू नये, एवढे सुचवावेसे वाटते. घासून काढलेला जुनेपणा परत आणता येत नाही.

त्या कुत्र्याच्या चित्राची हकीकतही याच विषयातली आहे. फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराने ते प्रथम रंगवले तेव्हा कुत्र्यापुढे नळकांड्याचा फोनोग्राफ होता. नळकांडीवाल्यांनी चित्र नाकारले. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते घेण्याचे कबूल केले, पण अट घातली की फोनोग्राफच्या जागी आपले तबकडीचे यंत्र काढावे. चित्रकाराने त्यावरच नवा रंग चढवला. मूळ चित्र तिरप्या उजेडात पाहिले, की तबकडीच्या यंत्राखाली जुन्या फोनोग्राफची आकृती अजून जाणवते.

तबकडी जिंकत चालली होती, हे एडिसनला उशिरा पटले. १९१२ मध्ये त्याने स्वतःची तबकडी आणली. ती पाव इंच जाड व चांगलीच जड होती, आणि सुईऐवजी हिरकणीने वाजे. १९१४ च्या डिसेंबरात वेस्ट ऑरेंजच्या कारखान्याला मोठी आग लागली; सदुसष्ट वर्षांच्या एडिसनने लगोलग पुन्हा बांधकामास आरंभ केला. १९१५ पासून त्याच्या कंपनीने एक वेगळेच प्रदर्शन गावोगाव सुरू केले. रंगमंचावर गायिका आणि यंत्र शेजारी शेजारी उभे. गायिका गाई, मध्येच थांबे, यंत्र गात राही; कधी दिवे मालवीत आणि दिवे लागत तेव्हा गायिका मंचावर नसेच. अस्सल कोणते आणि नक्कल कोणती हे श्रोत्यांनी ओळखावे, असे हे आव्हान होते. हजारो लोकांना ते ओळखता आले नाही, असे कंपनी सांगे. एका गायिकेने पुष्कळ वर्षांनी कबूल केले की, आपण आपला आवाज यंत्रासारखा काढीत होतो. नकलेने अस्सलाची बरोबरी केली खरी, पण त्यासाठी अस्सलाला थोडे खाली उतरावे लागले!

आणि या तबकड्यांसाठी गायक निवडत होता तो बहिरा एडिसन स्वतः. कानाने ऐकू येईना, म्हणून तो पियानोच्या किंवा फोनोग्राफच्या लाकडात दात रोवून त्याची थरथर कवटीवाटे ऐके. त्याच्या दातांच्या खुणा असलेले यंत्र संग्रहात जतन केलेले आहे. त्याची आवड मात्र काळाबरोबर चालली नाही. लोकप्रिय झालेले नवे संगीत त्याला रुचेना, तबकडीवर गायकाचे नाव ठळक छापणेही त्याला प्रारंभी पसंत नव्हते, आणि धंदा घसरत गेला.

अखेरची वर्षे सत्काराची होती. १२ ऑगस्ट १९२७ रोजी, त्या मागाहून लिहिलेल्या तारखेच्या आधारे, फोनोग्राफचा सुवर्णमहोत्सव झाला. बोलपटाच्या कॅमेऱ्यापुढे ऐंशी वर्षांच्या एडिसनने कोकराचे गीत पुन्हा म्हटले. आज पहिले ध्वनिमुद्रण म्हणून जे ऐकवतात ते बहुधा हेच, पन्नास वर्षांनंतरचे. १९२८ मध्ये लंडनच्या संग्रहालयात कित्येक वर्षे असलेले मूळ वर्खयंत्र इंग्रजांनी त्याला सन्मानाने परत केले. १९२९ मध्ये त्याचा मित्र हेन्री फोर्ड याने डिअरबॉर्न येथे मेन्लो पार्कची प्रयोगशाळा पुन्हा उभी केली. मूळ इमारत मोडून तिच्या फळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नेल्या होत्या. मिळतील तेवढ्या फळ्या फोर्डने जमवल्या, उरलेले नवे केले आणि मेन्लो पार्कची मातीसुद्धा आणून तेथे पसरली. एडिसनने सारे पाहिले आणि ते जवळजवळ हुबेहूब असल्याचा निर्वाळा दिला. फक्त आपली जमीन इतकी स्वच्छ कधीच नव्हती, असे म्हणाला. इतका नेमका पारखी दुसरा कोण मिळणार! त्याच ऑक्टोबर महिन्यात त्याच्या कंपनीने फोनोग्राफ व तबकड्यांचा धंदा बंद केला. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथे त्याचे निधन झाले. तोपर्यंत अमेरिकेतील १०९३ पेटंटे त्याच्या नावावर जमा होती.

डिसेंबर १८७७ मधील तो पहिला वर्ख आज कोठेही नाही. १८७८ च्या जून महिन्यात सेंट लुईस शहरात भरलेला एक वर्ख मात्र घड्या पडलेल्या स्थितीत टिकून राहिला. २०१२ साली संशोधकांनी त्याला सुई न लावता, प्रकाशाने त्याचे ठसे मोजून, त्यातला आवाज बाहेर काढला. आधी कॉर्नेट हे वाद्य वाजते, मग एक मनुष्य मेरीच्या कोकराचे गीत म्हणतो, आणि मधेच हसतो. तो आवाज एडिसनचा नाही.